एक्स८६वरचा डेस्कटॉप प्रोग्राम आर्म६४ आणि रिस्क-फाइव्हवर नेताना

ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्स वितरणाने रिस्क-फाइव्ह या खुल्या आराखड्याच्या ६४ बिटी प्रोसेसरांना प्रथमच अधिकृत आर्किटेक्चरांत (प्रोसेसर-घराण्यांत) स्थान दिले आणि इंटेल-घराण्यातल्या ज्या ३२ बिटी एक्स८६ वर लिनक्सचा जन्म झाला त्याच्यासाठी इन्स्टॉलर व कर्नल (प्रणालीचा गाभा) देणे बंद केले. त्याच वर्षी मोझिलाने आर्म६४ (आर्मच्या ६४ बिटी प्रोसेसरांच्या) लिनक्ससाठी फायरफॉक्सच्या तयार आवृत्त्या द्यायला सुरुवात केली, तर ३२ बिटी एक्स८६ लिनक्सवर १४४वी आवृत्ती शेवटची ठरली. मोठे प्रकल्प हे स्थलांतर बहुतांशी उरकून मोकळे झाले आहेत. मागे राहतात ते लहान प्रोग्राम: एखादा चित्रसंपादक, फाँट बदलणारे साधन, हिशेबाची वही, शब्दकोश. त्यांचा मूळ लेखक आता दुसऱ्याच कामात असतो आणि सोर्स कोड पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या इंटेल यंत्रावर लिहिलेला असतो. असा सी किंवा सी++ मध्ये लिहिलेला, खिडक्या-बटणांसाठी जीटीके किंवा क्यूटी ही लायब्ररी वापरणारा प्रोग्राम लिनक्सवर आर्म६४ किंवा रिस्क-फाइव्हसाठी कसा तयार करावा, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

या कामाचा मोठा भाग जुन्याच यंत्रावर करता येतो आणि तो तिथेच करावा. नवा बोर्ड विकत घेऊन थेट बिल्ड, म्हणजे सोर्स कोडपासून प्रोग्राम बांधणे, सुरू करण्याचा मोह होतो, पण मग बिल्डच्या चुका, लायब्ररींची अनुपलब्धता आणि प्रोग्राममधले वर्षानुवर्षे दडून राहिलेले दोष हे सगळे एकाच वेळी अंगावर येते आणि कोणती गडबड कशामुळे झाली ते कळेनासे होते.

आधी पाहणी

पहिला घोळ नावांचा असतो. लिनक्स कर्नल ज्याला ‘एआर्क६४’ म्हणतो त्याला डेबियन ‘आर्म६४’ म्हणते. कर्नलचे ‘एक्स८६_६४’ डेबियनमध्ये ‘एएमडी६४’ होते, मग प्रोसेसर इंटेलचा का असेना. बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये या नावांची तुलना केलेली असेल, तर चुकीच्या नावामुळे एखादा आवश्यक भाग कोणतीही सूचना न देता वगळला जातो. म्हणून स्क्रिप्टमध्ये ही नावे कुठे कुठे आली आहेत ते आधी शोधून काढावे.

त्यानंतर प्रोग्राम ज्या लायब्ररींवर अवलंबून आहे त्यांची यादी करून प्रत्येक लायब्ररी नव्या आर्किटेक्चरवर उपलब्ध आहे का, ते वितरणाच्या पॅकेज-यादीत पाहावे. आर्म६४ हे डेबियनमध्ये २०१५ पासून अधिकृत असल्याने तिथे सहसा सगळे सापडते. रिस्क-फाइव्हच्या बाबतीत मात्र जस्ट-इन-टाइम कंपायलर असलेल्या लायब्ररींकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्या स्वतः यंत्रभाषा तयार करतात आणि प्रत्येक नव्या प्रोसेसरसाठी त्यांचा तो भाग नव्याने लिहावा लागतो. अशा लायब्ररीत साधा इंटरप्रिटर वापरण्याची सोय असेल, तर सुरुवातीला तीच निवडावी. एखादा भाग केवळ तयार बायनरी स्वरूपात असेल, उदाहरणार्थ एखाद्या स्कॅनरचा कंपनीने दिलेला ड्रायव्हर, तर त्यावर वेळ घालवू नये. तो भाग ऐच्छिक करून बाकीचा प्रोग्राम पुढे न्यावा.

शेवटी सोर्स कोडमध्ये चार गोष्टी शोधाव्यात: असेंब्लीचे (प्रोसेसरच्या आज्ञा थेट लिहिलेले) तुकडे, एसएसई किंवा एव्हीएक्स या एक्स८६ च्या खास जलद आज्ञांच्या हेडर फाइली, प्रोसेसरचे नाव तपासणारे मॅक्रो आणि लायब्ररींचे पक्के लिहून ठेवलेले मार्ग. जे सापडेल त्याची नोंद ठेवावी. त्यातला बराचसा भाग पुढे सरळ काढून टाकता येतो, असा माझा अंदाज असतो आणि तो क्वचितच चुकतो. पेंटियमच्या काळात गतीसाठी हाताने लिहिलेली असेंब्ली आजच्या कंपायलरने साध्या सी कोडपासून केलेल्या यंत्रभाषेपेक्षा बऱ्याचदा हळूच चालते.

३२ बिटी सवयी

प्रोग्राम अजून ३२ बिटीच असेल, तर आर्मकडे वळण्याआधी तो ६४ बिटी एक्स८६ वर नीट चालवून घ्यावा. एकाच वेळी शब्दाची लांबीही बदलायची आणि प्रोसेसरही बदलायचा, हे टाळावे. एएमडीचा पहिला ६४ बिटी ऑप्टेरॉन एप्रिल २००३ मध्ये आला आणि डेबियनमध्ये एएमडी६४ अधिकृतपणे दाखल व्हायला एप्रिल २००७ उजाडले. मधल्या काळात हजारो पॅकेजांत ज्या चुका सापडल्या त्या साधारण एकाच घराण्यातल्या होत्या.

६४ बिटी लिनक्सवर पॉइंटर आणि ‘लाँग’ हे दोन्ही ८ बाइटांचे असतात, पण ‘इंट’ ४ बाइटांचाच राहतो. पॉइंटर ‘इंट’मध्ये साठवून परत काढला की वरचे ३२ बिट गळून पडतात आणि प्रोग्राम कोसळतो. विंडोजवर ‘लाँग’ ६४ बिटी यंत्रातही ४ बाइटांचाच असतो, म्हणून पॉइंटरसाठी ‘लाँग’ वापरणे हाही टिकाऊ उपाय ठरत नाही. पॉइंटरएवढा पूर्णांक हवा असल्यास सी९९ मधला ‘इंटपीटीआर_टी’ वापरावा आणि आकारमानासाठी ‘साइझ_टी’. यापेक्षा फसवा प्रकार म्हणजे हेडर न जोडता वापरलेले फंक्शन. जुना सी कंपायलर असे फंक्शन ‘इंट’ परत देते असे गृहीत धरत असे. ते प्रत्यक्षात पॉइंटर देत असेल, तर ३२ बिटी यंत्रावर सगळे सुरळीत चाले आणि ६४ बिटीवर पत्ता अर्धाच पोचे. २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ या कंपायलरने ही केवळ सूचना न ठेवता चूक ठरवली आहे. तेव्हा पहिला बिल्ड जीसीसी १४ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीनेच करावा आणि ज्या तक्रारी येतील त्या दडपून टाकणारे पर्याय वापरू नयेत.

जीटीके वापरणाऱ्यांनी आणखी एक जागा पाहावी. गुणधर्मांची किंमत ठरवणारी जीऑब्जेक्ट या जीटीकेच्या पायाभूत व्यवस्थेची फंक्शने हवे तितके आर्ग्युमेंट घेतात आणि यादीचा शेवट रिकाम्या पॉइंटरने ओळखतात. तिथे कुणी नुसता शून्य लिहिला असेल, तर तो ‘इंट’ म्हणून जातो आणि वरच्या ३२ बिटांत काय असेल याचा भरवसा राहत नाही. ६४ बिटी गुणधर्माला साधा ‘इंट’ देणे हाही त्याच जातीचा दोष आहे, आणि कंपायलर येथे बहुधा गप्प राहतो.

मराठी मजकुरावर थेट घाला घालणारा फरक

सी भाषेतील एका बाइटाचा कॅरेक्टर प्रकार ऋण संख्या धरू शकतो की नाही, हे भाषेने ठरवलेले नाही. एक्स८६ लिनक्सवर तो चिन्हासहित असतो, म्हणजे −१२८ ते १२७. आर्म आणि रिस्क-फाइव्ह या दोन्हींवरच्या लिनक्समध्ये तो चिन्हरहित असतो, म्हणजे ० ते २५५. इंग्रजी अक्षरांचे सर्व बाइट १२८ च्या आत असल्यामुळे इंग्रजीत काम करणाऱ्याला हा फरक कधी जाणवतच नाही. देवनागरीचे तसे नाही. यूटीएफ-८ मध्ये ‘क’ हे अक्षर २२४, १६४ आणि १४९ अशा तीन बाइटांचे बनते. एक्स८६ वर हेच बाइट −३२, −९२ आणि −१०७ म्हणून दिसतात.

आता एखाद्या जुन्या प्रोग्राममध्ये ‘बाइट शून्यापेक्षा कमी असेल तर ते अक्षर इंग्रजी नाही’ अशी कसोटी लिहिलेली असेल, तर एक्स८६ वर ती बरोबर चालते आणि आर्मवर ती कधीच खरी ठरत नाही. सगळा मराठी मजकूर इंग्रजी समजून बाइटाबाइटाने तोडला जातो आणि पडद्यावर चौकोन दिसू लागतात. याच्या उलटही घडते. कॅरेक्टर थेट २५६ घरांच्या कोष्टकाचा क्रमांक म्हणून वापरला असेल, तर एक्स८६ वर देवनागरी बाइट कोष्टकाच्या अलीकडची भलतीच जागा वाचत असतो आणि आर्मवर गेल्यावर तो दोष आपोआप नाहीसा होतो. शिवाजी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटांतला मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधने अशा कोष्टकांवरच चालतात, म्हणून त्यांची तपासणी अधिक काळजीने करावी. फाइलमधून एकेक अक्षर वाचून ते कॅरेक्टरमध्ये ठेवणे आणि ‘फाइल संपली’ या −१ च्या खुणेशी ताडून पाहणे हा तिसरा प्रकार: आर्मवर ती खूण २५५ होऊन बसते आणि वाचन कधी थांबतच नाही.

हे शोधण्यासाठी आर्म यंत्र लागत नाही. जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरांना कॅरेक्टर चिन्हरहित धरायला सांगणारा पर्याय आहे. तो देऊन एक्स८६ वरच बिल्ड करावा आणि जोडाक्षरे, रफार, ‘ऱ्या’ आणि ‘ळ’ असलेला भरपूर मराठी मजकूर प्रोग्राममधून फिरवून पाहावा. दोष सापडला की त्या ठिकाणी ‘अनसाइन्ड’ असे स्पष्ट लिहावे. याउलट आर्मवर चिन्हासहितचा पर्याय लावून वेळ मारून नेता येते, पण मग आपल्या हेडर फाइली वापरणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामनाही तोच पर्याय लावावा लागतो.

बिल्डची व्यवस्था

ऑटोटूल्स ही बिल्डची साधने वापरणाऱ्या जुन्या प्रोग्रामात ‘कॉन्फिग डॉट गेस’ आणि ‘कॉन्फिग डॉट सब’ अशा दोन फाइली असतात. त्या जुन्या असल्या की नव्या प्रोसेसरचे नाव ओळखत नाहीत आणि कॉन्फिगर ही बिल्डच्या तयारीची स्क्रिप्ट पहिल्याच पायरीवर अडते. त्या फाइली हाताने दुरुस्त न करता ऑटोरीकॉन्फ चालवून सगळी व्यवस्था नव्याने तयार करून घ्यावी. डेबियनची पॅकेज-साधने डेबहेल्परच्या दहाव्या पातळीपासून हे आपोआप करतात. पाठोपाठ कंपायलरला दिलेले पर्याय तपासावेत. ‘एम-६४’ किंवा ‘एम-एसएसई२’ असे पर्याय आर्मचा जीसीसी सरळ नाकारतो. बिल्डच्या यंत्राच्या सगळ्या आज्ञा वापरायला सांगणारा ‘मार्च-नेटिव्ह’ मात्र न कुरकुरता स्वीकारला जातो आणि जास्त घातक ठरतो, कारण ज्या यंत्रावर बिल्ड झाला त्याच्यापेक्षा जुन्या यंत्रावर तो प्रोग्राम बेकायदा आज्ञेच्या चुकीने बंद पडतो. वाटपासाठीच्या बिल्डमधून तो काढूनच टाकावा.

रिस्क-फाइव्हवर आणखी एक अडचण हमखास भेटते. जुन्या जीसीसीला तिथे एका बाइटावरच्या अणुक्रिया (मध्ये खंड न पडता पूर्ण होणाऱ्या क्रिया) थेट आज्ञांत मांडता येत नव्हत्या, त्यामुळे लिंक करताना ‘अटॉमिक’ने सुरू होणारी नावे सापडत नाहीत अशी तक्रार येते. लिबअटॉमिक ही लायब्ररी जोडली की ती मिटते; जोडण्याची गरज आहे का, हे बिल्डच्या व्यवस्थेने छोटा प्रोग्राम लिंक करून ठरवावे, प्रोसेसरचे नाव पाहून नव्हे.

बिल्ड कुठे करावा

तीन मार्ग आहेत. एक्स८६ वर बसून आर्मसाठी क्रॉस-कंपाइल करता येते; डेबियनमध्ये दुसरे आर्किटेक्चर जोडून त्याचे क्रॉसबिल्ड पॅकेज घेतले की साधने तयार मिळतात. हा मार्ग वेगवान आहे, पण जीटीके-प्रोग्रामात तो बऱ्याचदा जीऑब्जेक्ट इंट्रोस्पेक्शनपाशी (लायब्ररीचे वर्णन इतर भाषांसाठी तयार करण्यापाशी) अडतो, कारण त्या पायरीला नव्या आर्किटेक्चरचा प्रोग्राम बिल्डच्या मधोमध चालवून पाहावा लागतो. दुसरा मार्ग क्यूईएमयूचा: परक्या प्रोसेसरचे प्रोग्राम तो आपल्या यंत्रावर भाषांतर करून चालवतो. सावकाश, पण खात्रीचा. तिसरा म्हणजे प्रत्यक्ष यंत्र. रास्पबेरी पाय ५ किंवा भाड्याचा आर्म सर्व्हर पुरतो, आणि गिटहबने जानेवारी २०२५ पासून सार्वजनिक प्रकल्पांना आर्म६४ लिनक्सची यंत्रे विनामूल्य उपलब्ध केली आहेत. माझे मत असे की बिल्ड क्यूईएमयूत करायला हरकत नाही, पण चाचणी खऱ्या यंत्रावरच झाली पाहिजे. त्याचे कारण थ्रेडच्या भागात येईल.

असेंब्ली आणि एसएसई

पाहणीत जे तुकडे सापडले त्यांच्या शेजारी बहुधा साध्या सी मधला पर्यायी कोड असतो, फक्त तो कित्येक वर्षांत कुणी कंपाइल केलेला नसतो. एक्स८६ वरच असेंब्ली बंद करून तो पर्यायी कोड चालू करावा आणि त्याची फळे जुन्या कोडच्या फळांशी ताडून पाहावीत. ही पायरी फुकट मिळते, तरी लोक ती टाळतात आणि मग आर्मवर चित्र तिरके का दिसते याचा शोध घेत बसतात.

गती खरोखर कमी पडते असे मोजून दिसले, तरच पुढे जावे. एसएसईच्या आज्ञा आर्मच्या तशाच निऑन आज्ञांत बदलून देणारी ‘एसएसई२निऑन’ आणि अनेक आर्किटेक्चरांसाठीची ‘सिमड-एव्हरीव्हेअर’ ही दोन्ही हेडर-संच मुक्त आहेत. केवळ हेडर बदलून पुष्कळसा कोड चालू लागतो. आर्म६४ च्या लिनक्स वितरणांत निऑन सर्वत्र गृहीत धरता येते. रिस्क-फाइव्हमध्ये व्हेक्टर विस्तार (अशाच आज्ञांचा संच) ऐच्छिक आहे आणि डेबियन तो गृहीत धरत नाही, म्हणून तिथे साधा सी कोड हाच पाया ठेवावा.

काही असेंब्ली मात्र टाळता येत नाही. लिबरऑफिसचे उदाहरण घ्यावे. त्याचे घटक एकमेकांची सी++ फंक्शने प्रोग्राम चालू असताना बोलावतात, आणि त्या वेळी कोणते आर्ग्युमेंट कोणत्या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या जागेत) ठेवायचे हे ‘ब्रिज’ नावाचा भाग ठरवतो. लिनक्सवर एक्स८६-६४ मध्ये पूर्णांकांसाठी ६ रजिस्टर असतात, आर्म६४ आणि रिस्क-फाइव्हमध्ये ८. मोठी संरचना परत देण्याचे नियमही प्रत्येकाचे निराळे. म्हणून लिबरऑफिसच्या सोर्समध्ये प्रत्येक आर्किटेक्चरचा ब्रिज स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवलेला असतो आणि नव्या प्रोसेसरवर जाताना तो लिहिल्याशिवाय सुटका नसते. लहान प्रोग्रामात असा प्रकार आढळला, तर तो स्वतः न लिहिता लिबएफएफआय या लायब्ररीकडे सोपवावा. यंत्रभाषा स्वतः तयार करणारा कोड असल्यास आणखी एक पथ्य पाळावे लागते: आर्मवर नव्या आज्ञा स्मृतीत लिहिल्यावर आज्ञांची कॅशे साफ करावी लागते. एक्स८६ वर त्याची गरज पडत नसल्याने जुन्या कोडमध्ये ती ओळ नसतेच.

थ्रेड

थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रामात इतरांच्या बरोबरीने चालणारा कामाचा धागा. सर्वांत चिवट दोष इथे असतात. एक्स८६ वर एका थ्रेडने आधी केलेले लेखन दुसऱ्या थ्रेडला त्याच क्रमाने दिसते. आर्म आणि रिस्क-फाइव्ह असे आश्वासन देत नाहीत. एका थ्रेडने माहिती भरून मग ‘तयार’ अशी खूण केली आणि दुसऱ्याने खूण पाहून माहिती वाचली, तर आर्मवर खूण आधी आणि माहिती नंतर पोचू शकते. जुन्या कोडमध्ये अशी खूण बहुधा ‘व्होलाटाइल’ म्हणून ठेवलेली असते, पण त्या शब्दाचा थ्रेडमधल्या क्रमाशी संबंध नाही. सी११ आणि सी++११ मधले अटॉमिक प्रकार वापरून लिहिताना ‘रिलीज’ आणि वाचताना ‘अक्वायर’ असा क्रम मागावा, किंवा शंका असल्यास साधे म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप) वापरावे. डेस्कटॉप प्रोग्रामात म्युटेक्समुळे वाया जाणारा वेळ क्वचितच जाणवतो.

जीसीसी आणि क्लँगमधले थ्रेड सॅनिटायझर हे साधन अशा जागा एक्स८६ वरच दाखवते, कारण प्रोसेसरने प्रत्यक्षात काय केले याऐवजी दोन थ्रेडमध्ये क्रमाची हमी आहे का, हे ते तपासते. क्यूईएमयूवर मात्र या बाबतीत विसंबू नये. एक्स८६ यंत्रावर तो आर्मचा प्रोग्राम चालवतो तेव्हा खालचा प्रोसेसर एक्स८६ च असतो आणि त्याचा कडक क्रम दोष झाकून टाकतो.

आकडे आणि पाने

गणिताची फळे शेवटच्या एक-दोन अंकांत बदलली, तर घाबरू नये. आर्म६४ वर जीसीसी गुणाकार आणि बेरीज एकाच आज्ञेत जोडतो आणि मधली एक पूर्णांकन-पायरी गळते. चाचणीपुरते हे जोडणे बंद करण्याचा पर्याय देऊन खात्री करता येते. अपूर्णांकाचा पूर्णांक करताना मात्र खरा धोका आहे. −३.० ही संख्या ३२ बिटी चिन्हरहित पूर्णांकात टाकली, तर एक्स८६-६४ वर सहसा ४२९ कोटींच्या घरातला आकडा मिळतो आणि आर्मवर शून्य. भाषेने याचे उत्तर ठरवलेलेच नाही, तेव्हा रूपांतराआधी मर्यादा तपासावी. पूर्णांकाला शून्याने भागल्यास एक्स८६ वर प्रोग्राम तिथेच कोसळतो, आर्म शून्य देतो आणि रिस्क-फाइव्हच्या आज्ञेतून −१ मिळतो. म्हणजे जो दोष पूर्वी ठळक दिसे तो आता चुकीच्या उत्तराच्या रूपात निसटतो.

स्मृतीच्या पानाचा, म्हणजे प्रणाली स्मृती ज्या तुकड्यांत वाटते त्यांचा, आकार ४०९६ बाइट असे ज्याने कोडमध्ये लिहून ठेवले आहे त्याला रास्पबेरी पाय ५ वर अडचण येते, कारण त्याच्या नेहमीच्या कर्नलमध्ये पान १६ किलोबाइटांचे असते. काही आर्म सर्व्हरांवर ते ६४ किलोबाइटांचेही असते. पानाचा आकार नेहमी चालू यंत्रालाच विचारावा.

फाइली, चाचणी आणि वाटप

स्मृतीतली संरचना जशीच्या तशी फाइलमध्ये लिहिणारे प्रोग्राम पूर्वी फार होते. ६४ बिटी एक्स८६ वरून आर्म६४ वर जाताना बाइटांचा क्रम तोच राहतो, म्हणून बहुतेक फाइली उघडतात. ३२ बिटीवरून आल्यास ‘लाँग’ आणि पॉइंटरचे आकार बदललेले असतात आणि उघडत नाहीत. वापरणाऱ्यांच्या जुन्या फाइलींचा एक संच जमवून तो दोन्ही यंत्रांवर उघडावा, साठवावा आणि अदलाबदल करून पुन्हा उघडावा. प्रोग्राम सुरू झाला म्हणजे काम झाले असे मानणाऱ्यांना पहिली तक्रार नेमकी इथूनच येते.

वाटपासाठी फ्लॅटपॅक हे पॅकेज-स्वरूप सोयीचे आहे, कारण त्याचे भांडार असलेले फ्लॅटहब एक्स८६-६४ आणि आर्म६४ हे दोन्ही बिल्ड स्वतः करते. प्रकल्पाच्या मांडणीत फक्त एक्स८६ ची मर्यादा घातलेली असल्यास ती काढावी. रिस्क-फाइव्हसाठी सध्या वितरणाच्या पॅकेजांचाच आधार आहे.

बदल मूळ प्रकल्पाकडे पाठवताना ते सुटे सुटे पाठवावेत: कॅरेक्टरची दुरुस्ती वेगळी, थ्रेडची वेगळी, बिल्डची वेगळी. प्रत्येकाच्या वर्णनात तो दोष एक्स८६ वरही कसा दाखवता येतो ते लिहावे, म्हणजे ज्या सांभाळकर्त्याकडे आर्म यंत्र नाही त्यालाही तो तपासून स्वीकारता येतो. जुन्या आर्किटेक्चरचा बिल्डही स्वयंचलित चाचणीत ठेवावा. ३२ बिटी एक्स८६ वापरणारे उरले नसले, तरी नव्या कोडमध्ये कुणी पॉइंटर किंवा ‘लाँग’ नेहमी ८ बाइटांचाच असतो असे गृहीत धरले, तर ती चूक बहुधा त्याच बिल्डमध्ये सर्वांत आधी उघडी पडते.